काट्याला पुरून उरणारं टायर

डांबरी रस्ता वाहनांसाठी असतो अशी ज्याची समजूत असेल, त्याने अश्विनात लातूरहून मुरुडकडे येऊन बघावं. दसरा झाला की रस्त्याची एक बाजू सोयाबीनची असते आणि उरलेली सगळ्यांची. त्या उरलेल्यातूनच एसटी जाते, ट्रॅक्टर जातो, शेळ्या जातात आणि नवरदेवासारखा मधोमध मोटारसायकल चालवणारा एखादा सरपंचही जातो. मळणीयंत्रातून निघालेला दाणा ओला असतो, ओला माल आडतीवर नेला की व्यापारी नाक मुरडतो, आणि शेतातली काळी माती तर स्वतःच ओली. मग डांबर आहेच तापलेलं. सरकारने एवढा मोठा तवा गावात आणून ठेवल्यावर तो कोण सोडील?

दाणा पसरला की त्याच्या कडेने बाभळीच्या फांद्या अंथरायच्या, अशी इथली रीत आहे. गुरांनी तोंड घालू नये, गाड्यांनी चाक घालू नये म्हणून. पांढरे, सरळ, बोटभर लांबीचे काटे असतात त्या फांद्यांना. संध्याकाळी माल पोत्यात जातो, फांद्या कडेला जातात, आणि वाळून मोडलेले काटे रस्त्यावरच मुक्कामाला राहतात. त्यांची कुणाला फिकीर नसते, कारण ट्रॅक्टरला ते लागत नाहीत आणि चप्पल काय, बाजारात मिळते.

मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत लोहा, अहमदपूर करत एसटीने लातूर गाठते आणि तिथून भावाच्या गावी येते. मुरुडच्या अलीकडे खिडकीतून तो वास येतो. सोयाबीनच्या भुसकटाचा, कच्च्या तेलाचा, जरा कडवट. ज्वारीच्या राशीचा वास गोड असायचा असं सगळे म्हणतात, आणि म्हणणारे सगळे सोयाबीनच पेरतात. असो. मला त्या वासाने ज्वारी आठवत नाही. मला एक टायर आठवतं, आणि मग उरलेला सगळा प्रवास मनातल्या मनात भांडण्यात जातो.

तो अश्विन काही फार जुना नाही. माझी भाची ऋतुजा, म्हणजे भावाची, बालाजीची मुलगी, तेव्हा माझ्याकडे नांदेडला राहत होती. बारावी झाली होती आणि डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा देऊनही जमलं नव्हतं. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत आता एकच पीक येतं आणि त्याचे फलक चौकाचौकात लागतात. त्यावर पोरांचे चेहरे बाजारातल्या मेथीच्या जुड्यांसारखे ओळीने लावलेले. ज्यांचे चेहरे लागत नाहीत त्यांना रिपीटर म्हणतात आणि पुन्हा पेरतात. ऋतुजाला त्या फलकात रस नव्हता. तिला रस होता एका जुन्या रेसिंग सायकलमध्ये. लातूरच्या एका बदली झालेल्या बँक अधिकाऱ्याकडून ती मीच तिला घेऊन दिली होती.

बालाजीला ती सायकल बघवत नसे. "अक्का, पोरीच्या जातीला ही काय सायकल हाय? वाकून चालवायची, ना क्यारेज, ना स्टँड. दुधाचा क्यान बी अडकवता येत न्हाई," असं तो म्हणाला होता. सायकलीचा उपयोग दुधापलीकडे न गेलेल्या माणसाशी काय वाद घालणार? पण पोरगी चालवायची मात्र अशी, की बांधावरचे गडी खुरपं थांबवून बघत. त्या वर्षी तिच्या वयोगटातली शेवटची संधी होती. जिल्ह्यातून राज्य स्पर्धेसाठी दोन मुली निवडायच्या होत्या. बालाजीने बैलाचा सौदा करावा तसा सौदा केला. "निवड झाली तर चालव बापडे. न्हाई झाली तर सायकल इकायची आन् गुमान तिसऱ्यांदा नीटला बसायचं." ऋतुजा हो म्हणाली. मला विचारलं असतं तर मी दोघांच्याही कानाखाली वाजवली असती.

सगळं टायरपाशी अडलं. त्या अधिकाऱ्याने सायकलीबरोबर जी टायरं दिली होती ती बोटाएवढी बारीक आणि गुळगुळीत होती. त्यांच्याकडे बघून मला आमच्या प्राचार्यांची आठवण यायची. बाहेरून झकपक, आत नुसती हवा, आणि जरा टोचलं की खाली बसणार. सुट्टीत ऋतुजा गावी सरावाला निघाली की दोन राशी ओलांडेपर्यंत चाक बसायचं. ती रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढायची आणि शेजारी सोयाबीन उलथणारी एखादी बाई विचारायची, "काय गं, हवा गेली का?" फांदी त्या बाईचीच असायची. विचारणंही तिचंच.

लातूरच्या सायकल क्लबात आम्ही दोघी सल्ला घ्यायला गेलो ती माझी हौस. पहाटे अंगाला चिकटणारे कपडे घालून बाहेर पडणारी, चहाच्या टपरीपर्यंत जाऊन फोटो काढणारी आणि मोटारीवर सायकल लादून घरी परतणारी ही मंडळी. त्यांचे म्होरके हाडांचे डॉक्टर होते. निवड चाचणी त्यांच्याच हाती होती, आणि त्यांची मुलगी ऋतुजाच्याच गटात होती. डॉक्टरसाहेबांनी टायर बोटांनी दाबून बघितलं आणि परदेशातल्या एका टायरचं नाव घेतलं. ते म्हणे घडी करून खिशात मावतं, वजनाला पापडासारखं, आणि रस्त्याला घासतच नाही. एका टायरच्या किमतीत आमच्याकडे बियाण्याच्या दोन बॅगा येतात.

"आणि काट्यांचं काय?" मी विचारलं.

"मॅडम, काटे असलेल्या रस्त्यावर चालवायचंच कशाला?" डॉक्टर म्हणाले.

हा माणूस याच जिल्ह्यात जन्मला होता. पाच मिनिटांच्या अंतरावर शेतं सुरू होतात, आणि ह्याला काटे नसलेला रस्ता ठाऊक होता. उंटावरचे शहाणे मी पुष्कळ पाहिले आहेत, पण ते निदान उंट तरी आपल्या मुलखातला आणतात.

मग रात्री दोघी मोबाइल उघडून बसलो. टायर कसं निवडावं हे सांगणारे इतके लोक जगात रिकामे आहेत याची मला कल्पना नव्हती. बर्फाच्या डोंगरात, स्वच्छ पाटीसारख्या रस्त्यावर उभे राहून ते टिकाऊपणावर बोलत होते. एक जण म्हणाला, रुंद टायर घ्या. दुसरा म्हणाला, रुंद घेणारे अडाणी. तिसऱ्याने टायर तराजूत घालून दाखवलं आणि किराणा दुकानदाराच्या गंभीरपणे वजन सांगितलं. मी ऋतुजाला म्हटलं, "यातल्या एकानेही बाभूळ बघितलेली नाही. बंद कर."

घरचे सल्ले याहून थोर. बालाजीने ट्रॅक्टरच्या फुटक्या ट्यूबची पट्टी कापून टायरच्या आत घालायला सांगितली. ऋतुजाने ती घालून पाहिली, तेव्हा सायकल ट्रॅक्टरसारखीच चालायला लागली, फक्त इंजिन नव्हतं. गावातल्या कुणी भरीव रबराचं टायर सुचवलं. हवाच नाही तर जाणार कुठून, असा त्यातला युक्तिवाद. त्यावर बसून एक फेरी मारल्यावर पोरगी उतरून दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, ह्याच्यापरीस बैलगाडी बरी."

शेवटी मीच वैतागून एक काम केलं. गावाहून परतताना बाभळीची एक लहान डहाळी तोडली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि नांदेडला घेऊन गेले. एसटीत शेजारच्या माणसाच्या मांडीत ती घुसली आणि अहमदपूरपर्यंत त्याचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मोंढ्याकडच्या एका सायकलच्या दुकानात गेलो. शेठने काचेच्या कपाटातली टायरं काढून दाखवायला सुरुवात केली तशी मी पुडी उघडून एक काटा टायरला लावला.

"मॅडम, हे काय करून राहिलात?" शेठ खुर्चीतून उठलाच.

"टायर बघते आहे."

"अवो, टायर हाय ते. टरबूज न्हवं टोचून बघायला!"

"टरबूजवाला टरबूज कापून दाखवतो. मग हे का नाही?"

तो चिडला, त्याने कंपनीची हमी दाखवली, छापील कागद दाखवला. कागदाला मी काटा टोचून दाखवला. दुकानातली गिऱ्हाइकं जमा झाली आणि बघ्यांपुढे माघार घ्यायची कशी, म्हणून शेठने मागच्या खोलीतून फाटक्या, बाद झालेल्या टायरांचा ढीग आणून आमच्यापुढे टाकला. "घ्या. हौस भागवून घ्या." आम्ही जमिनीवर बसून प्रत्येक जातीच्या टायरात काटा खुपसत गेलो. डॉक्टरांचं घडीचं टायर ढिगात निघालं. काटा त्यातून असा गेला, जसा पिकल्या पेरूतून जातो. महागाचं अजून एक गेलं. चकचकीत, रंगीत पट्ट्यांचं गेलं. मग ढिगाच्या तळातून एक काळंकुळकुळीत, कडेला तार घातलेलं, जाड रबराचं टायर निघालं. त्याच्या आत, मध्यभागी, दाट विणीच्या कापडाची एक पट्टी होती. ऋतुजाने काटा लावला आणि अंगठ्याने जोर दिला. काटा वाकला. तिने तळहाताने दाबला, तेव्हा काटा मोडला.

तिने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून दिसते. नीटचा निकाल दोनदा लागला तेव्हा ती नजर मी तिच्या डोळ्यांत शोधली होती.

"ते? ते कुनी घेत न्हाई," शेठ म्हणाला. "शाळेला जायाचं टायर हाय ते. जड बी लई."

म्हणूनच ते परवडलं. रुंदी तेवढी मोजून घेतली. ब्रेकमध्ये घासणार नाही आणि खड्ड्यात रिम आपटणार नाही, इतकं जाड. हवाही जरा कमी भरायची, म्हणजे ते रस्त्यावर उड्या मारत नाही, बसून चालतं. टायर निवडायला एवढंच लागतं. ज्या रस्त्यावर चालवायचं, त्या रस्त्याला विचारायचं. पण हे सांगणाऱ्याला कुणी अंगाला चिकटणारे कपडे घालायला देत नाही.

चाचणीच्या आधी क्लबवाल्यांनी ते टायर बघितलं. कुणीतरी म्हणालं, "नांगर कुठे आहे?" सगळे हसले. डॉक्टरांच्या मुलीच्या सायकलला पापडाची जोडी होती. मी त्या पोरीला नावं ठेवणार नाही, ती गुणाची होती. पण बापाने तिच्या पायाखाली काय दिलं होतं, ते मला ठाऊक होतं. काट्याची कथा मी त्या दिवशी सगळ्यांना रंगवून सांगितली, आमच्या टायराची शेखी मिरवली. लोक ऐकत होते, आणि लक्षात ठेवत होते.

चाचणी लातूर ते मुरुड आणि परत अशी ठरली. आदल्या दिवशी गावोगाव निरोप गेला की रस्ता मोकळा करा. आमच्या लोकांना एरवी रस्ता सोडा म्हटलं तर कोर्टात जातील, पण त्या दिवशी कसा कोण जाणे मोठेपणा अंगात आला. सगळ्यांनी सोयाबीन उचललं. बालाजीने सर्वांत आधी उचललं. पोरीच्या सायकलीला नाकं मुरडणारा हा माणूस, चाचणी आपल्या शेतावरून जाणार म्हणून दुपारपासून रस्त्यावर होता. फांद्या ओढत पलीकडच्या चरात नेऊन टाकल्या, आणि मग खराटा घेऊन आपल्या शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने रस्ता झाडला. मी बांधावर उभी राहून बघत होते आणि मला भरून आलं होतं. काय झाडतो आहे हे मी बघितलं नाही. त्यानेही बघितलं नाही. त्याचा डोळा दाण्यांवर होता. दाणा न् दाणा त्याने वेचला. फांद्या ओढताना मोडलेले काटे खराट्याने सगळ्या रस्ताभर सारखे पसरले, हळदीच्या सड्यासारखे. आमच्या लोकांचं हे असं. वेचतील ते दाणे, आणि काटा कुणाच्या पायात जाईल ते देवावर.

सकाळी मुली आल्या. आम्ही शेतापाशी उभे होतो. पहिली पापडजोडी आमच्यासमोरच बसली, मग दुसरी, मग एकदम चार-पाच. सगळ्या उतरल्या, चाकं बघायला लागल्या. मागून येणाऱ्या मोटारीतून डॉक्टर उतरले. आणि त्या गर्दीतून ऋतुजा आली, वाकलेली, मान खाली, कुणाकडे न बघता निघून गेली. टायराखाली काटे मोडल्याचा आवाज मी ऐकला, भाजके फुटाणे चावल्यासारखा. बालाजी ओरडला, "पळ गं माझे माय!" आयुष्यात पहिल्यांदा तो त्या सायकलीवर काही चांगलं बोलला.

ती पहिली आली. तिच्यामागे बराच वेळ रस्ता रिकामाच होता.

आम्ही लातूरला निकालाच्या ठिकाणी पोचलो, तेव्हा डॉक्टरसाहेब मूठभर काटे रुमालात घेऊन आले. सगळ्यांच्या पुढे त्यांनी रुमाल उघडला आणि विचारलं, "हे कुणी टाकले?" मग माझ्याकडे वळले. "मॅडम, काट्याला दाद न देणारं टायर तुमच्याकडेच होतं ना? तुम्हीच सांगत होता."

मी तोंड उघडायच्या आत बालाजी पुढे झाला. छाती काढून. त्याला वाटलं, रस्त्याबद्दल कौतुकाने विचारताहेत.

"टाकले न्हाईत साहेब, झाडलंय. म्या झाडलाय रस्ता माझ्या हातानं. पोरीसाठी झाडलाय, खोटं कशाला बोलू?"

डॉक्टरांनी नुसतं सगळ्यांकडे बघितलं. त्यांना पुरावा शोधावा लागला नाही, तो चालत आला होता. बालाजीला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. बापाने पोरीसाठी काटे पेरले, असं चार माणसांत ठरलं होतं, आणि डॉक्टर निकाल रद्द करायला निघाले होते. "अवो, माल मापून झाल्यावर पोतं परत घ्या म्हनता व्हय?" असं तो म्हणाला, पण ऐकतंय कोण. निकाल रद्द झाला. पुन्हा चाचणी, चौपदरी बायपासवर, जिथे सोयाबीन नसतं आणि माणसंही नसतात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. यांनी अंगणच बदलून घेतलं.

मी त्याच दिवशी लातूरच्या दुकानात जाऊन ते घडीचं टायर घ्यायला निघाले होते. माझ्या पगारातून, जळो तो पगार. बायपासवर काटे नव्हते, तिथे पापडच जिंकणार होता. ऋतुजाने माझा हात धरला.

"नको आत्या."

"मूर्ख आहेस का? एका दिवसाचा प्रश्न आहे. सायकल जाईल तुझी!"

"एका दिवसाचा हाय म्हनूनच नको. त्या टायरावर मी निवडून येईन, आन् सराव कुठं करू? बायपासवर ऱ्हायला जाऊ का? मला उद्याबी ह्याच रस्त्यानं चालवायचंय."

मला राग आला. अजूनही येतो. शहाणपण पोरीच्या तोंडी आणि पहिला नंबर दुसऱ्याच्या पदरी, यात मला काडीचंही काव्य दिसत नाही. बायपासवर ती त्याच जाड टायरांवर उतरली आणि तिसरी आली. दोघी निवडल्या गेल्या. डॉक्टरांची मुलगी त्यात होती. हार घातले, फोटो निघाले, फोटोत मागे कुठेतरी आमचं टायर दिसतं.

घरी आल्यावर ऋतुजाने सायकल अंगणात भिंतीला टेकवली आणि बापासमोर उभी राहिली. सौदा सौदा असतो, ती माघार घेणाऱ्यांतली नव्हती. "बाबा, कधी इकायची?" तिने विचारलं. बालाजीने सायकलीकडे बघितलं. मग उठला, मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि टायरमध्ये रुतून मोडलेला एक काटा नखाने उपटून काढला. त्या दिवशीचा, त्यानेच झाडलेला. "आत घे सायकल," तो म्हणाला. "भाईर दव पडतंय." पुढे विषय निघाला नाही. तिसऱ्यांदा नीटचा अर्जही भरला गेला नाही. ती लातूरला बीएस्सीला गेली, आणि गेली ती सायकलवर.

आज पुन्हा अश्विन आहे. क्लबवाल्यांची टपरीपर्यंतची पहाट चालूच आहे. नवी टायरं आली आहेत, आता म्हणे त्यांच्या आत भोक आपोआप बुजवणारा चीक भरतात. भरू देत. एसटीतून उतरले तेव्हा रस्त्यावर सोयाबीन पसरलं होतं, ओळीने सगळ्यांचं, कडेला बाभळीच्या फांद्या घालून. गाव शिकत नाही, गावाने तसं वचनही दिलेलं नाही. फक्त बालाजीच्या राशीच्या कडेला एकही फांदी नव्हती. तिथे काळी, झिजून गुळगुळीत झालेली सायकलची टायरं एकाला एक लावून मांडली होती. तारेच्या कडेची. काहींच्या मधली पट्टीसुद्धा उघडी पडलेली. या सगळ्या वर्षांत तिने झिजवलेली. रिंगण राशीच्या तीन बाजूंनी पुरलं होतं. चौथ्या बाजूला, बांधाकडे, बालाजी स्वतः काठी घेऊन शेळ्या हाकत बसला होता.

"अरे, तेवढ्या बाजूला फांदी टाक ना," मी म्हटलं. "दिवसभर काय राखत बसतोस?"

त्याने लातूरच्या दिशेने रस्त्यावर नजर टाकली. ऋतुजाची यायची वेळ झाली होती.

"बसतो की," तो म्हणाला. "अजून एक जोडी झिजवू दे तिला. मंग समदी रास वेढ्यात बसती."